आखाजीचा झोका आणि १७ दिवस उशिरा सापडलेली टाचेची शीर

पार्श्वभूमी

हे प्रकरण दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीचं. रुग्ण आणि घरच्यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथं ताई म्हणू. मी तिला तसंच म्हणतो, कारण तिचा धाकटा भाऊ माझा शाळेपासूनचा दोस्त. मी अमळनेरला फिजिओथेरपिस्ट आहे. ही जुनी ओळख तपासणीच्या आड आली, ते पुढे येईलच.

ताईचं वय ४३. पाच वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, पथ्य जेमतेम. सासर शिरपूरकडे. तिथं चार बायांना हाताशी धरून उन्हाळाभर बिबड्या, कुरडया आणि उडदाचे पापड करून विकायचा तिचा धंदा. मार्च ते मे हा कमाईचा हंगाम, त्यातले आखाजीचे चार दिवस तेवढे ती सगळं टाकून माहेरी येते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खानदेशात हा लेकीबाळींचा सण. सकाळी पितरांची घागर, दुपारी पुरणपोळी-आमरस, आणि ऊन कललं की बायका निंबाच्या झोक्यावर. पुरुष त्या दिवशी पत्ते कुटतात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही.

काय घडलं

मळ्यातल्या निंबाला जाड दोर, त्यात लाकडी पाटली. ताई आणि तिची चुलत बहीण उभ्यानं झोका चढवत होत्या. झोका पुरता थांबायच्या आधीच ताईनं खाली उडी घेतली. उजव्या पायाच्या चवड्यावर सगळं वजन आलं, टाच खाली दबली आणि ‘तट्‌’ असा आवाज झाला. तिनं मागं वळून पाहिलं. ‘कोन्ही तरी मांगून दगड मारा असं वाटनं माले,’ हे तिचे त्या वेळचे शब्द.

तेवढ्यात पाटली मागून परत येत होती, ती बाकीच्यांनी पाहिली. झालं. पाटली टाचेला लागली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला स्वतःलाही तेच पटलं. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. झोका जोरात येऊन लागला असता, तर तिथली साल निघाली असती.

ती लंगडत घरापर्यंत चालत गेली. दुखणं होतं, पण बोंब मारण्याइतकं नाही. पंजा खाली-वर हलत होता. सूज रात्रीपर्यंत चढली.

पहिले १७ दिवस

संध्याकाळी साडेसातला दोस्ताचा फोन आला. मागं पत्त्यांच्या डावाचा गोंधळ ऐकू येत होता. मी तीन प्रश्न विचारले: पाय वाकडा दिसतो का, पाय टेकवता येतो का, चार पावलं टाकली का. टाकली, म्हणाला. मग मी सांगितलं, हाड मोडलेलं दिसत नाही. बर्फ लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा, दोन दिवसांत फरक नाही पडला तर घेऊन ये.

विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच. हे चौकडीचं सूत्र १९७८ साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरनं लोकांपुढं ठेवलं. पुढं त्यातल्या बर्फाबद्दल आणि पूर्ण विश्रांतीबद्दल त्यानं स्वतःच मत बदललं. तो वाद इथं महत्त्वाचा नाही. बर्फ लावल्यानं ताईचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते हे, की काय तुटलं ते न विचारता मी उपचार सांगून मोकळा झालो. दोस्तानं ‘दगड मारल्यासारखं वाटलं म्हणे, पण पाटली लागली ती’ हे वाक्य फोनवर उच्चारलं होतं. मी ते ऐकलं आणि पाटलीवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका आजींना बोलावलं. त्या मुरगळलेलं, लचकलेलं चोळून देतात आणि पैसे घेत नाहीत. त्यांनी ‘शीर चढेल शे’ असं सांगून तीन सकाळ मोहरीच्या तेलानं पोटरीपासून टाचेपर्यंत चोळलं, वरून मिठाच्या पुरचुंडीचा शेक आणि हळद-चुन्याचा लेप. पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरानं चोळणं आणि गरम शेक यांनी आतला रक्तस्राव वाढतो, म्हणून तेवढे दिवस ते टाळावं. पण या प्रकरणाचा दोष आजींच्या माथी मारणं मला मान्य नाही. त्यांच्याआधी फोनवर मी होतो.

चौथ्या दिवशी तालुक्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडं शाबूत. चिठ्ठीवर लिहिलं ‘सॉफ्ट टिशू इंज्युरी’, आणि दुखण्याच्या गोळ्या, १५ दिवस आराम. ‘हाड मोडेल नही शे’ हे ऐकून घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले.

त्या चिठ्ठीवरच्या शब्दांबद्दल थोडं बोलायला हवं. मऊ ऊतींची इजा हे निदान नव्हे, ते कपाटाचं नाव आहे. त्यात कितीतरी खण आहेत. हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणला की मुरगळ. स्नायूचे तंतू ओढले गेले की लचक किंवा उसण. बाहेरून मार बसून आत रक्त साकळलं की मुका मार. आणि स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, म्हणजे कंडरा किंवा टेंडन, ती तुटणं ही आणखी वेगळी गोष्ट. आपल्याकडे या सगळ्यांना ‘शीर’ हा एकच शब्द. एक्स-रेमध्ये यातलं काहीही धड दिसत नाही. १९९२ साली कॅनडातल्या ओटावात घोट्याच्या इजेसाठी नियम बसवले गेले: घोट्याच्या हाडांवर ठरावीक जागी दाबून दुखतं का, चार पावलं टाकता येतात का, यावरून एक्स-रे काढायचा की नाही ते ठरवायचं. उत्तम नियम आहेत. माझे फोनवरचे प्रश्न त्यातलेच. पण ते हाडासाठी आहेत. हाड धड आहे एवढंच ते सांगतात, बाकी सगळं धड आहे असं नाही.

१७व्या दिवशी ताई स्वतःच रिक्षानं माझ्याकडे आली. दुखणं जवळपास गेलं होतं. तक्रार वेगळीच होती. माहेरी वहिनीसोबत ज्वारीच्या बिबड्या चालू होत्या, आणि ओल्या धडप्यावर, म्हणजे फडक्यावर, थापलेली बिबडी घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, चढताना उजवा पाय वरच्या पायरीवर ठेवून अंग उचललं जात नव्हतं. ‘पायमा जीव नही,’ एवढंच म्हणाली.

तपासणी

खोलीत येताना तिची चाल पाहिली. डाव्या पायानं ती जमीन मागं ढकलत होती, उजवा पाय नुसता उचलून पुढं ठेवत होती. घोटा मुरगळलेला माणूस अशी चालत नाही. तो दुखतं म्हणून पाय लवकर उचलतो.

तिला पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाच्या कडेबाहेर. डावं पाऊल जरासं खाली झुकलेलं, निरोगी पाऊल असंच लोंबतं. उजवं सरळ काटकोनात उभं. खरं तर इथंच कळलं. मग बोटांनी टाचेपासून वर चाचपत गेलो. टाचेच्या वर साधारण चार बोटांवर दोरी एकदम संपली आणि बोट खड्ड्यात गेलं. मग पोटरी हातात धरून दाबली. डाव्या बाजूला पोटरी दाबताच पाऊल खाली झुकलं. उजवीकडे तीनदा दाबली. पाऊल हललं नाही.

पोटरी दाबण्याची ही चाचणी सिमंड्स यांनी १९५७ साली आणि थॉम्पसन यांनी १९६२ साली लिहून ठेवली. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, अर्धा मिनिट लागतं. लोंबणारं पाऊल, खड्डा आणि पोटरी दाबणं, तिन्ही खुणा जुळल्या की टाचेची मोठी दोरी, अकिलीस टेंडन, पूर्ण तुटली असं धरून चालायचं.

मग पंजा कसा हलत होता? पाऊल खाली दाबायला पोटरी एकटी नसते. नडगीच्या मागचा स्नायू, बाहेरच्या अंगाचे दोन, बोटं वळवणारे, असे बाकीचे गडी असतात. हवेत पंजा हलवणं त्यांना जमतं. सगळं अंग एका चवड्यावर उचलणं त्यांच्या बसचं नाही. ‘पंजा हलतो म्हणजे शीर शाबूत’ हा समज घरच्यांचाच असतो असं नाही, शिकलेल्यांचाही असतो, आणि ही इजा सुटून जाते ती बरेचदा याच कारणानं. खड्डासुद्धा पहिल्या दिवसांत साकळलेल्या रक्तानं भरून जातो आणि हाताला लागत नाही.

पहिल्या क्षणी तिला ‘एका पायावर टाच उचलून दाखव’ म्हणायचा मोह झाला होता. म्हटलं नाही. अर्धी तुटलेली असती, तर ती मीच पुरती तोडली असती.

तिच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या एकीवर, आखाजीच्या तीन आठवडे आधी, लघवीच्या जळजळीसाठी सात दिवस लिव्होफ्लॉक्सासिन. या जातीच्या प्रतिजैविकांनी टेंडन सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. साठीपुढचं वय आणि स्टिरॉइड असेल तर धोका जास्त. ताईच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. त्या गोळीनंच तुटलं असं मी म्हणणार नाही. मधुमेहही टेंडन कमकुवत करतो, टाचेच्या वर दोन ते सहा सेंटीमीटरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा मुळातच तोकडा, आणि वर्षभर न मारलेली उडी त्या दिवशी मारली. पण हा प्रश्न तिला १७ दिवसांत कोणी विचारला नव्हता.

पर्याय

पाऊल खाली झुकवून बांधलं आणि तिला त्याच दिवशी जळगावला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत पाऊल काटकोनात असताना तुटलेल्या टोकांमध्ये जवळपास दोन सेंटीमीटर अंतर. पाऊल पूर्ण खाली झुकवलं की अंतर सेंटीमीटरच्या थोडं आत. टोकं एकमेकांना टेकली असती तर सोपं होतं. खूप लांब राहिली असती तरी सोपं होतं. हे नेमकं मधलं.

ऑपरेशन करून टोकं शिवायची, हा एक मार्ग. दुसरा म्हणजे टाचेखाली पाचरी घातलेला बूट, पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत धरून टेंडन आपोआप जुळू द्यायचं आणि हळूहळू पाचरी काढत जायचं. ताज्या इजेत हे दोन्ही मार्ग बरोबरीचे ठरतात. २०२२ साली छापून आलेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात ५२६ रुग्णांमध्ये वर्षअखेर पायाच्या कामात फरक दिसला नाही. पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र बिनऑपरेशनच्या गटात ६.२ टक्के आणि ऑपरेशनच्या गटांत ०.६ टक्के, आणि उलट ऑपरेशनमध्ये मज्जातंतू दुखावण्याचं प्रमाण जास्त. पण ते सगळे ताजे रुग्ण. आमच्या हातात १७ दिवसांचा उशीर होता, आणि चार आठवड्यांपुढं गेलेली इजा बहुतेकदा ऑपरेशनकडेच जाते.

ताईची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, ८.९ निघाली. टाचेवरची कातडी पातळ, तिथली जखम चिघळली तर महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणजे उशिरामुळं ऑपरेशनचं पारडं जड, साखरेमुळं हलकं.

तिसरा पर्यायही घरात बोलला गेला: चालतंय की, मग राहू द्या. तो मी हसण्यावारी नेला नाही. तिला सांगितलं, सपाटीवर चालशील, पण धाब्यावर चढणं, डोक्यावर पाटी घेऊन चढणं, घाईनं रस्ता ओलांडणं कायमचं अवघड होईल. तिनं तो पर्याय स्वतःच सोडला.

निर्णय

दाजींचं फोनवर म्हणणं होतं, एकदाच काय ते चिरून-शिवून होऊन जाऊ द्या. ताईला जखमेची भीती होती. तिच्या सासूच्या पायाची जखम मधुमेहानं चिघळून बोट काढावं लागलं होतं. तज्ज्ञांनी मधला रस्ता काढला: आत्ताच बूट घालू, साखर आटोक्यात आणू, दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. टोकांमध्ये ऊती भरत असतील तर पुढं चालू, नसतील तर तेव्हा ऑपरेशन.

हा निर्णय दिसतो तितका बिनधोक नव्हता. जुळलं नसतं तर ऑपरेशन ३१व्या दिवशी पडलं असतं, टोकं आणखी आखडलेली, काम आणखी किचकट. ते आम्ही ताईला याच शब्दांत सांगितलं. तिनं विचारलं, ‘साखर तवर उतरी का?’ उतरेल, पथ्य पाळलंस तर. मग बूट, म्हणाली.

उपचार

मे महिना, पारा ४४ अंशांवर, आणि गुडघ्याखाली जाड पट्ट्यांचा बूट रात्रंदिवस. झोपतानाही. अंघोळ स्टुलावर बसून, बूट काढला तरी पंजा खालीच झुकलेला ठेवायचा, ही मुख्य अट. घामानं पुरळ उठलं, म्हणून सुती मोजे दिवसातून दोनदा बदलायचे. बुटानं उजवा पाय उंच झाला आणि कंबर दुखायला लागली. त्यावर एसटी स्टँडाबाहेरच्या चांभारानं डाव्या चपलेला रबराचे दोन तळ चिकटवून दिले, सकाळी दिली, संध्याकाळी तयार. बुटातली एक पाचर दबून सपाट झाली तेव्हा तीही त्यानंच जुन्या टायरच्या रबरातून कापून दिली, माझ्या पट्टीनं मापून. कंपनीच्या पाचरीपेक्षा ती जास्त टिकली.

पाय असा बांधून ठेवला की पोटरीच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. त्याचा निर्णय तज्ज्ञांनी घेतला. मी घरच्यांना एवढंच पाठ करायला लावलं: पोटरी अचानक टरारून सुजली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर मला फोन करायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा.

दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत टोकांमधली जागा भरत आलेली दिसली. ऑपरेशन टळलं. मग कुबड्यांसह बुटात थोडं थोडं वजन द्यायला सुरुवात केली.

चौथ्या आठवड्यात घोळ झाला. जूनच्या तोंडावर रात्री वावधन, म्हणजे वादळ, उठलं आणि धाब्यावर वहिनीच्या बिबड्या पसरलेल्या. ताई बूट न घालता, अनवाणी, धाब्याच्या पायऱ्या चढली. सकाळी पोटरी दुखू लागली तेव्हा तिनं फोन केला. मी जाऊन पोटरी दाबली, पाऊल झुकलं. तरी सोनोग्राफी करून घेतली. टिकलं होतं. एक पाचर काढायची ठरली होती, ती दोन आठवडे लांबणीवर टाकली. मी रागावलो, ती म्हणाली, दोन पायलीच्या बिबड्या व्हत्या.

बूट एकूण दहा आठवडे. पोटरी ताणायचे व्यायाम तीन महिने पूर्ण बंद. लोक नेमकी इथं चूक करतात. पाय आखडला म्हणून ताणतात, आणि टेंडन लांब होऊन जुळतं. मग खुर्चीत बसून टाचा उचलणं, भिंतीला धरून दोन्ही पायांवर, आणि बऱ्याच उशिरा एका पायावर. बूट सुटल्यावरचे पहिले आठवडे पुन्हा तुटण्याच्या दृष्टीनं सर्वांत नाजूक, म्हणून त्या काळात ती सासरी गेली नाही. हंगामाचा निम्मा भाग बुडाला. उरलेला तिनं माहेरून फोनवर चालवला.

निष्पत्ती

पाचव्या महिन्यात लंगडणं गेलं. वर्षानं मोजलं तेव्हा उजव्या पायावर एकट्यानं टाच उचलत होती, सहा वेळा, डाव्याच्या निम्म्या उंचीपर्यंत. उजवी पोटरी घेरानं दोन सेंटीमीटर बारीक. पाऊल डाव्यापेक्षा जास्त वर वळतं, म्हणजे टेंडन थोडं लांबच जुळलं. एचबीएवनसी ७.४. डोक्यावर पाटी घेऊन ती गच्चीवर चढते, कठड्याला हात लावून. पळता येत नाही. ‘पळीसन कोठे जानं शे माले,’ हे तिचं उत्तर, पण मी त्याला पूर्ण यश म्हणणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री मला आणखी दोन प्रश्न विचारता आले असते: मागून कोणीतरी मारल्यासारखं वाटलं का, आणि दुखतंय ते घोट्याच्या बाजूला की टाचेच्या वर मागं? मुरगळ बहुतेकदा बाहेरच्या घोट्याच्या पुढं-खाली दुखते. तिचं दुखणं मागं होतं. अनोळखी रुग्ण असता तर मी ‘उद्या सकाळी दाखवा’ म्हटलं असतं. दोस्ताच्या बहिणीला मी फोनवरच निपटलं. आता ओळखीतल्या माणसालाच मी आधी बोलावतो.

एक्स-रेच्या दिवशी तिला पालथं झोपवून अर्धा मिनिट पोटरी दाबली असती, तर १३ दिवस वाचले असते आणि ते मधलं, अवघड अंतर कदाचित पडलंच नसतं. त्या दवाखान्यात तेव्हा बाहेर किती गर्दी असेल याची मला कल्पना आहे. आखाजीनंतरचे दिवस, पडलेले-झडलेले सगळे तिथंच येतात.

ऑपरेशन करायला हवं होतं का, यावर तज्ज्ञांचं आणि माझं आजही एकमत नाही. त्यांच्या मते शिवलं असतं तर टेंडन इतकं लांब झालं नसतं आणि ताकद थोडी जास्त आली असती. मला ८.९ हा आकडा आणि ती पातळ कातडी दिसते. ताईला विचारलं तर ती सासूचं बोट आठवते.

आजींकडे मी नंतर गेलो. त्यांना पोटरी दाबायची चाचणी दाखवली, आधी त्यांच्या नातवाच्या धडधाकट पायावर, मग ताईच्या. त्यांनी दोनदा दाबून पाहिलं आणि ‘हे बरं शे’ म्हणाल्या. त्यानंतर वर्षभरात त्यांनी चोळायच्या आधी माझ्याकडे तीन जण पाठवले. तिघांचीही नुसती पोटरीची उसण निघाली. तरी पाठवत राहा, म्हटलंय.